संताजी घोरपडे : युद्धपद्धती, सेनापतिपदाचा वाद आणि घराण्याच्या शाखा

बारगीर

संताजींवरची चर्चा ठराविक दोन ठिकाणी अडकते. एक, औरंगजेब बादशहाच्या छावणीवर छापा घालून कापून आणलेले तंबूचे सोन्याचे कळस. दुसरे, "राजाराम महाराजांनी अन्याय केला की संताजी उद्धट होते". घोडदळ चालवायचे कसे यातला त्यांचा वकूब आणि त्याच वकुबातून उद्भवलेला वाद यांचा संबंध कोणी लावत नाही. तो लावावा म्हणून हा धागा.

आधी चौकट. म्हाळोजी घोरपड्यांचे तीन मुलगे : संताजी, बहिर्जी, मालोजी. संभाजी महाराज फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडले गेले, तेव्हा म्हाळोजी तिथे लढताना पडले असे परंपरा सांगते. राजाराम महाराज त्याच वर्षाच्या अखेरीस तमिळ मुलखातल्या जिंजीच्या किल्ल्यात पोचले. महाराष्ट्रात मागे रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण, संताजी आणि धनाजी जाधव. मे १६९० मध्ये सातारा परिसरात विजापूरकडचा जुना सरदार शर्जाखान, म्हणजे मोगलांचा रुस्तुमखान, कुटुंबकबिल्यासह कैद झाला आणि एक लाख रुपये भरून सुटला. १६९१ मध्ये संताजींना सेनापतिपद मिळाले. डिसेंबर १६९२ मध्ये कांचीचा फौजदार अलीमर्दानखान त्यांच्या हाती लागला, त्याची सुटका एक लाख होनांवर (होन म्हणजे सोन्याचे नाणे) झाली. नोव्हेंबर १६९५ ला दोड्डेरीत कासिमखान. जानेवारी १६९६ ला बसवापट्टणला हिम्मतखान. त्याच वर्षी स्वतःच्याच छत्रपतींच्या फौजेशी लढाई. जून १६९७ मध्ये माणदेशात, कारखेलच्या बाजूला, खून.

सहा-सात वर्षांत एवढे सगळे. माझे म्हणणे असे : संताजींना शिवाजी महाराजांच्या पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, शिस्त हवी होती, पण हाताखाली होते ते वतन आणि सरंजामाच्या (फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखाच्या) आशेने, स्वतःचे घोडे घेऊन जमलेले शिलेदार. दोड्डेरी आणि कारखेल ही एकाच गोष्टीची दोन टोके आहेत. पटत नसेल तर खोडा, पण मुद्द्याने.

---

जुनी पाने

कळसांचे आधीच निकालात काढू. ती हकीकत येते मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत, आणि ती बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली आहे. तीनही भावांचे किताब (संताजींना ममलकतमदार, बहिर्जींना हिंदुराव, मालोजींना अमीर-उल-उमराव) त्याच छाप्याशी जोडून सांगितले जातात, विठोजी चव्हाणांचा हिम्मतबहाद्दर हा किताबही. किताब खरे आहेत, घराण्यांत पुढे चालले आहेत. पण कळस कापून आणल्याला समकालीन आधार दाखवता येत नाही तोवर ती घराण्याची स्मृती म्हणूनच सांगावी. संताजींचे मोठेपण त्यावर उभे नाही. दोड्डेरीची हकीकत मोगलांच्या बाजूच्या लोकांनी लिहिली आहे आणि ती कळसांपेक्षा जबर आहे.

---

नालबंद

शिस्तीचा मुद्दा आकड्यांनिशी मांडतो, नाहीतर तो हवेत राहील.

सभासदाने आपल्या बखरीत दिलेली शिवकालीन पागेची रचना : पंचवीस बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला, म्हणजे १२५ घोडी. दहा जुमल्यांवर हजारी, म्हणजे १२५० घोडी. पाच हजाऱ्या मिळून पंचहजारी, त्यावर सरनोबत. जुमलेदाराला ५०० होन तैनात (पगार), हजारीला १०००. आणि सगळ्यात महत्त्वाचे, पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा.

लांब दौडीत घोडे निकामी होते ते बहुधा तीन कारणांनी : नाल पडून खूर फुटतो, खोगीर घासून पाठ लागते, पाणी वेळेवर मिळत नाही. लढाईत पडणारी घोडी त्यामानाने कमी. पंचवीस घोड्यांना नालबंद बरोबर असला की रात्रीच्या मुक्कामात नाल बसते आणि सकाळी घोडे मजल मारते. तो नसला की ते घोडे मागे राहते, त्याच्याबरोबर स्वारही राहतो, आणि चार दिवसांत फौज लांबच लांब ओघळते. अशी ओघळलेली फौज अचानक घाला घालू शकत नाही.

शिवाय बारगिराचे घोडे सरकारी. मेले तर सरकार दुसरे देते, म्हणून बारगीर ते शत्रूवर घालतो. शिलेदाराचे घोडे म्हणजे त्याची पुंजी. घोडे गेले की त्याची रोजी गेली. तो जपून लढतो, आणि लूट हाताला लागली की ती घेऊन घरी जायचे बघतो. यात भ्याडपणा नाही, साधा हिशेब आहे.

शिवकालात स्वारीवर निघताना प्रत्येकाकडच्या चीजवस्तूंची यादी होई आणि परतल्यावर झडती, जास्तीचे निघाले तर सरकारजमा. राजाराम काळात ही झडती घेणार कोण? खजिना नाही, राजधानी जिंजीपर्यंतची लांब वाट तुडवून गाठायची, आणि प्रत्येक पथक आपापल्या सरदाराचे.

---

दप्तरी

नालबंद यांनी सांगितले त्याला कागदाचा आधार घोरपड्यांच्याच घरातला आहे. जून १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी हणमंतराव घोरपड्यांना सहा लाख होनांचा सरंजाम लिहून दिला. तो एकरकमी नव्हता. एकेक प्रांत काबीज होईल तसा एकेक भाग मिळायचा, आणि शेवटचा भाग खुद्द दिल्ली घेतल्यावर.

याकडे दोन अंगांनी पाहावे लागते. राजाकडे द्यायला रोकड नाही, म्हणून शत्रूच्या ताब्यातला मुलूखच पगार म्हणून वाटला. त्यामुळे औरंगजेबापुढे हरवायला एक सेना न उरता शंभर सेना झाल्या, आणि म्हणूनच तो जिंकू शकला नाही. पण अशा सरदाराला सेनापतीने हुकूम द्यायचा तो कशाच्या जोरावर? त्याचे पोट सेनापतीच्या हाती नाही. त्याचा करार थेट छत्रपतींशी.

---

माणगंगा

बारगीर, तुमचा मुद्दा अर्धा पटतो. पण "शिस्त" म्हणून तुम्ही फार सौम्य शब्द वापरता आहात. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की संताजी किरकोळ चुकीसाठीही माणसाला हत्तीच्या पायी देत. खाफीखान शत्रूपक्षाचा, हे मान्य. पण हाच माणूस संताजींच्या पराक्रमाबद्दल लिहितो की त्यांच्यासमोर जो आला तो मारला गेला, जखमी झाला किंवा कैद झाला, आणि त्यांच्यावर जायला कोणी उमराव राजी होत नसे. कौतुकाचे वाक्य खरे मानायचे आणि कडकपणाचे वाक्य वैऱ्याची निंदा म्हणून सोडायचे, असे नाही चालणार.

शिवाजी महाराजांची शिस्तही कडक होती. पण ती कागदावर होती, आधी माहीत असे. हवालदार चुकला तर काय, जुमलेदार चुकला तर काय, सगळे ठरलेले. संताजींची शिक्षा त्यांच्या मर्जीवर. फौज पहिली सहन करते, दुसरीला पाठ दाखवते.

---

कर्नाटकी वाट

दोड्डेरीवर सविस्तर लिहितो, कारण घोडदळाचा सेनापती म्हणून संताजी कोण होते ते तिथे कळते.

दोड्डेरी चित्रदुर्गच्या पूर्वेला, आजच्या चळ्ळकेरे तालुक्यात. लहान गढी, शेजारी तळे, भोवती उघडा माळ. कासिमखानाला संताजींची वाट अडवायचा हुकूम होता. त्याच्या मदतीला बादशहाने खानाजादखान, सफशिकनखान, असालतखान, मुहम्मद मुरादखान असे निवडक सरदार पाठवले. खानाजादखान थोर घराण्यातला, म्हणून कासिमखानाने त्याच्या मेजवानीसाठी अदवानीच्या किल्ल्यातून उंची तंबू, सोन्यारुप्याची आणि चिनी भांडी बाहेर काढली. हा पेशखाना, म्हणजे पुढच्या मुक्कामाचा सरंजाम, मुख्य तळापासून सुमारे तीन कोस पुढे पाठवला.

संताजींना ही बातमी होती. त्यांनी फौजेच्या तीन टोळ्या केल्या. पहिली पेशखान्यावर. दुसरी, त्याच्या मदतीला जी मोगल फौज धावेल तिच्यावर. तिसरी कुठेच गुंतवायची नाही, राखीव.

आता क्रम बघा. पेशखान्यावर घाला पडला तशी कासिमखानाने खानाजादखानाला झोपेतून न उठवताच धाव घेतली. कोसभर जातो तो दुसरी टोळी आडवी आली. खानाजादखान जागा झाल्यावर तळ, तोफांचे सामान, बाजारबुणगे सगळे मागे ठेवून तो कासिमखानाच्या मदतीला गेला. आणि तळावर पुरेशी माणसे उरली नाहीत, त्याच क्षणी तिसरी टोळी तळावर. दारूगोळा, धान्य, तंबू, जनावरे एका झपाट्यात गेली.

तिसरी टोळी आधी हात न घालता थांबली यात सगळे आहे. समोर लुटीने भरलेला तळ दिसत असताना शिलेदारांना थोपवून धरणे ही सोपी गोष्ट नाही. नालबंद म्हणतात तो हिशेबी शिलेदार तिथे थांबला, तो संताजींच्या धाकानेच. माणगंगा, तुम्ही कडकपणाला दोष देता, पण त्या दिवशीचा विजय त्या कडकपणाचाच आहे.

दुसरे, बेरड बंदूकची. मोगल लेखक यांना काळे प्यादे म्हणतात. चित्रदुर्गचा बरमप्पा नायक संताजींना मिळाला होता, त्याचीही माणसे यात आली. निव्वळ घोडदळ वेढा देऊ शकत नाही, कोंडलेल्याला टिपूही शकत नाही. संताजींनी घोडदळाचा वेग आणि कर्नाटकी बंदुकीचा नेम यांची जोड घातली. मराठी फौजेत एवढ्या नेटाने हे त्या काळात दुसऱ्या कोणी केलेले मला दिसत नाही, धनाजींनीही नाही.

मोगल मागे सरकत दोड्डेरीच्या तळ्याकाठी आले. दारूगोळा तळावरच लुटला गेलेला, त्यामुळे बंदुका असून उपयोग नाही. सरदार गढीत शिरले, मागोमाग फौज घुसली. पहिल्या दिवशी गढीच्या कोठारातली ज्वारी-बाजरीची भाकरी लोकांना मिळाली आणि जनावरांना छपरांचे जुने-नवे गवत काढून घातले. दुसऱ्या दिवशी माणसालाही काही नाही, जनावरालाही नाही. कासिमखान अफूच्या सवयीचा, तिसऱ्या दिवशी तो गेला. अफूवाचून गेला असे एक म्हणतात, विष घेतले असे दुसरे.

खानाजादखानाने वाटाघाट केली. ठरले ते असे : वीस लाख रुपये, शिवाय रोकड, जवाहीर, घोडे, हत्ती, सगळे सामान सोडून जायचे, आणि पैशासाठी ओलीस मागे ठेवायचा. उपाशी मोगल सैनिक गढीच्या दारातून बाहेर येऊ लागले तेव्हा मराठ्यांनी त्यांना भाकरी आणि पाणी दिले. दोन रात्री ते तिथेच राहिले, मग खानाजादखान मराठी पहाऱ्यात परत निघाला. शब्द दिला आणि पाळला. यामागे चांगुलपणा असेल, पण उपयोगही मोठा : शरण गेलेला जिवंत सुटतो हे एकदा पक्के झाले की पुढचा खान लवकर शरण येतो.

---

बारगीर

कर्नाटकी वाट, मनापासून आभार. ओलिसाच्या पैशाबद्दल थोडे जोडतो. शर्जाखान एक लाख रुपये, अलीमर्दानखान एक लाख होन, दोड्डेरी वीस लाख रुपये. सरदार मारण्याऐवजी पकडणे हीच संताजींची अर्थव्यवस्था. दुसरे उत्पन्न नव्हते. माझ्या मते तंट्याची एक मुळी इथेही असावी : असा पैसा फौजेच्या पोटाला आधी लागतो की छत्रपतींच्या खजिन्याला आधी द्यायचा? सेनापती म्हणणार फौज. दरबार म्हणणार खजिना. दोघांचेही चूक नाही.

---

जुनी पाने

बसवापट्टणचे राहिले. हिम्मतखान बहादूर म्हणजे खानजहान बहादूर कोकलताशाचा मुलगा. दोड्डेरीला मदत करायला तो निघाला होता, पण वेळेत पोचू शकला नाही आणि बसवापट्टणला थांबला. २० जानेवारी १६९६ रोजी संताजी त्याच्यावर आले. कर्नाटकी बंदूकचींनी टेकडी धरली, हिम्मतखानाने चढून हल्ला केला आणि त्याच्या कपाळात गोळी बसली. पुन्हा तीच जोड, घोडदळ आणि बंदूक.

मात्र लगेच पुढे फेब्रुवारीत हमीदुद्दीनखानाने संताजींना मागे रेटले. हेही लिहिले पाहिजे. त्यांना अजिंक्य ठरवून टाकले की मग १६९७ समजत नाही. उघड्यावर जमून उभ्या राहिलेल्या, तोफखाना हाताशी असलेल्या मोगल फौजेशी समोरासमोर भिडणे त्यांना परवडत नसे. त्यांची करामत शत्रूची फौज फोडण्यात होती. जो फुटला नाही, त्याच्यापुढून ते निघून जात.

---

माणगंगा

आता वादाच्या गाभ्याला येऊ. १६९३ मध्ये जिंजीत राजाराम महाराजांशी बिनसले, संताजी रागाने परतले. १६९६ मध्ये पुन्हा दक्षिणेत गेले आणि विरुद्धाचलमच्या टापूत आयवरगुडीला धनाजींशी उघड लढाई झाली. धनाजींच्या बाजूला खुद्द छत्रपती होते. संताजी जिंकले. अमृतराव निंबाळकर हाती लागले, त्यांना हत्तीच्या पायी दिले. राजाराम महाराज सापडले तेव्हा मात्र दुसऱ्या दिवशी संताजी हात बांधून त्यांच्यापुढे उभे राहिले आणि आपण सेवकच आहोत, तंटा धनाजींशी आहे, असे म्हणाले, ही हकीकत येते.

दुसरा भाग सगळे भावूक होऊन सांगतात. मला पहिला भाग महत्त्वाचा वाटतो. युद्धात हरलेला, शरण आलेला मोगल खान भाकरी-पाणी घेऊन सुखरूप जातो, आणि आपल्याच बाजूचा निंबाळकर हत्तीखाली जातो. ही विसंगती त्यांच्या सरदारांनी पाहिली. अमृतरावांची बहीण राधाबाई म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या घरी दिलेली. माणदेशात सोयरिकीचे जाळे असे होते की एका निंबाळकराला मारणे म्हणजे दहा घरे दुखावणे.

मार्च १६९७ मध्ये साताऱ्याकडे धनाजींशी पुन्हा गाठ पडली तेव्हा संताजींची माणसे त्यांना सोडून धनाजींकडे गेली. लढाई हरण्याचे कारण तेवढेच. मग ते थोड्या माणसांनिशी माणदेशात शिरले, जिथे त्यांचे सगळ्यात मोठे वैर होते.

---

दप्तरी

खुनाच्या हकीकती एकसारख्या नाहीत, म्हणून त्या वेगळ्या ठेवाव्यात. प्रचलित हकीकत : शंभू महादेवाच्या डोंगरात, कारखेलच्या बाजूला, ओढ्यावर स्नान करत असताना नागोजी माने यांनी गाठून मारले. खाफीखान पुढे सांगतो की शिर तोबऱ्यात घालून घोड्याला बांधले होते, ते वाटेत पडले, मोगल सरदार फिरोजजंगाच्या हरकाऱ्यांना (जासुदांना) सापडले, ओळख पटली आणि ते बादशहाकडे रवाना झाले. घेऊन जाणारा ख्वाजा बाबा तुराणी, त्याला खुशखबरखान असा किताब मिळाला. एका सरदाराच्या मरणाच्या बातमीला बादशहा किताब देतो, यावरून मोगल छावणीत त्यांची दहशत किती होती ते कळते.

नागोजी पुढे मोगलांच्या चाकरीत परतले, म्हणून त्यांना सरसकट फितूर म्हटले जाते. त्या काळात बाजू बदलणे देशमुखांच्या घरांत सर्रास होते, वतन राखायचे तर जो अंमल करील त्याच्याशी राहावे लागे. खून मात्र मोगलांच्या सांगण्यावरून झाला की मेहुण्याच्या सूडापोटी, हा प्रश्न वेगळा. अमृतरावांचा मृत्यू आणि राधाबाईंचा आग्रह लक्षात घेता सूडाचे पारडे जड आहे. माझे मत तेवढेच.

---

वाटसरू

धनाजींना खलनायक करणे मला पटत नाही. ते मिळून मिसळून वागणारे, माणसे धरून ठेवणारे. संताजींनंतर दहा वर्षे लढा तगला त्यात त्यांचा मोठा वाटा. १६९८ च्या सुरुवातीला जिंजी पडली, १७०० मध्ये राजाराम महाराज गेले, पुढे ताराबाईंच्या काळातही घोडदळ तुटले नाही. मोगली छावणीची रसद तोडणे, कहीवर (चारा-लाकूड आणायला) गेलेल्या टोळ्या उचलणे, हा रोजचा उद्योग धनाजींनी चालू ठेवला. दोड्डेरीसारखी दुसरी लढाई मात्र झाली नाही, आणि तो तोटा खरा आहे.

घराण्यांचे नशीब बघा. धनाजी १७०७ मध्ये खेडला शाहू महाराजांना मिळाले, त्यांचे पुत्र चंद्रसेन पुढे बाळाजी विश्वनाथांशी बिनसून निजामाकडे गेले. सेनापतिपदासाठी एवढे झाले, आणि जाधवांच्या घरात ते टिकले एका पिढीपुरते.

---

नालबंद

घोरपड्यांच्या शाखांबद्दल जागोजागी गोंधळ असतो, म्हणून सुट्या करून लिहितो.

कापशी. कोल्हापूर जिल्ह्यात कागल तालुक्यात, चिकोत्रा नदीकाठी. ही संताजींच्या थेट वंशाची शाखा. कोल्हापूरच्या गादीकडून सेनापतिपद या घराण्यात चालले, म्हणून गावाचे नावच सेनापती कापशी.

गुत्ती आणि संडूर. ही बहिर्जी हिंदुरावांची बाजू. बहिर्जींचे पुत्र सिधोजी, त्यांचे पुत्र मुरारराव. म्हणजे मुरारराव हे संताजींचे नातू नव्हेत, भावाचे नातू. संडूरचे संस्थान याच शाखेचे, आजच्या बळ्ळारी जिल्ह्यात.

मुधोळ. घोरपडे हेच, पण फार आधी वेगळी झालेली, आदिलशाहीतली शाखा. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात पुढे असलेले आणि १६६४ मध्ये शिवाजी महाराजांकडून मारले गेलेले बाजी घोरपडे या घरचे. संताजींच्या नावावर मुधोळचा दोष लावू नये आणि मुधोळला संताजींचा वंशही म्हणू नये.

इचलकरंजी. इथे रक्ताचा संबंधच नाही. नारो महादेव जोशी हे म्हापणचे कोकणस्थ ब्राह्मण, संताजींच्या आश्रयाने पुढे आले आणि धन्याबद्दलच्या निष्ठेने घोरपडे आडनाव घेतले. त्यांचे पुत्र व्यंकटराव, यांच्याशी बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची कन्या अनुबाई दिली होती. ज्या सेनापतीला स्वतःची फौज सोडून गेली, त्याच्या कारभाऱ्याने मात्र त्याचे आडनाव कायमचे लावून घेतले. "संताजींना माणसे जोडता येत नव्हती" असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

---

कर्नाटकी वाट

मुराररावांवर चार ओळी, कारण घोडदळाचा वारसा खरा तिथे दिसतो. १७४१ मध्ये रघुजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेतली, तिथला अंमलदार चंदासाहेब कैद झाला, आणि किल्ला मुराररावांच्या ताब्यात दिला. १७४३ मध्ये निजाम मोठ्या फौजेनिशी आला तेव्हा तो त्यांना सोडावा लागला. १७५१ मध्ये अर्काटच्या नबाबीच्या तंट्यात ते नबाबीचा दावेदार महंमदअली आणि इंग्रज यांच्या बाजूला, १७५३ मध्ये फ्रेंचांच्या बाजूला. पैसा थकला की बाजू बदलायची. संताजींना जी शिलेदारी वृत्ती जाचली, ती मुराररावांनी धंदा म्हणून पत्करली आणि तीस वर्षे कर्नाटकात वजन राखले.

शेवट वेढ्याने झाला. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्तीला वेढा घातला, किल्ल्यातले पाणी संपले आणि शरण जावे लागले. कब्बलदुर्गच्या कैदेत ते वारले. घोडदळाचा सरदार किल्ल्यात अडकला की त्याची ताकद निम्मी होते, मग तो कासिमखान असो की मुरारराव.

---

जुनी पाने

संडूरचे पुढचे वाचण्याजोगे आहे. १९३२ मध्ये संडूरच्या राजांनी कुमारस्वामीचे मंदिर हरिजनांना खुले केले, १९३४ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. संस्थान १९४९ मध्ये मद्रास प्रांतात विलीन झाले. शेवटचे राजे यशवंतराव घोरपडे, त्यांचे पुत्र एम. वाय. घोरपडे हे १९७० च्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही नाव मिळवलेले.

---

माणगंगा

बारगीर, तुमच्या मूळ विधानात एक दुरुस्ती सुचवते. "शिस्त हवी होती पण फौज शिलेदारांची होती" हे बरोबर. पण त्यातून संताजी निव्वळ परिस्थितीचे बळी ठरतात, ते नको. अमृतरावांना कैदेत ठेवून खंडणीवर सोडता आले असते. अलीमर्दानखानाला सोडले, तसेच. तो पर्याय त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी तो निवडला नाही. राजाराम महाराजांकडेही पर्याय होता : दोन सेनानींना दोन वेगळे प्रांत वाटून देणे, एकाला कर्नाटक, दुसऱ्याला महाराष्ट्र. सेनापतिपद कधी संताजींचे, कधी धनाजींचे केल्याने दोघांचे वैर उघड्यावर आले.

---

बारगीर

दुरुस्ती मान्य, त्याने विधान पक्केच होते. प्रांत वाटून देण्याबद्दल मात्र एक अडचण सांगतो. संताजींचे मोठे विजय कर्नाटकात, कारण बेरड बंदूकची तिथे, चित्रदुर्गचा आसरा तिथे. पण त्यांच्या शिलेदारांची घरे आणि वतने माण, कऱ्हाड, कोल्हापूरकडे. पावसाळ्याला फौज घरी परतणार, दसऱ्याला पुन्हा निघणार. कर्नाटक कायमचे दिले असते तर त्या माणसांना चार महिने छावणीत पोसायचा खर्च कोणी उचलायचा? बंदूकचींचा पगार वेगळाच. कर्नाटकातल्या मुलूखपट्टीतून तो निघाला असता का, हे कोणी वसुलीच्या कागदांवरून दाखवले तर पुढे बोलता येईल.

---

दप्तरी

सिधोजी आणि मुरारराव यांनी नेमके तेच करून दाखवले : घर गुत्तीला, फौज गुत्तीला, वसुली भोवतालच्या मुलुखातून. म्हणजे मार्ग चालण्याजोगा होता. फक्त त्यासाठी माणदेशातले वतन मनातून सोडावे लागते, आणि १६९६ मध्ये संताजींच्या फौजेतला एकही शिलेदार त्याला तयार झाला असता असे मला वाटत नाही. मुराररावांची माणसे दोन पिढ्या कर्नाटकात वाढलेली होती.